नळीचे दुसरे टोक

माणूस काय जमवील याचा नेम नाही. कोणी पोस्टाची तिकिटे जमवतो, कोणी नाणी, कोणी काड्यापेट्यांवरची चित्रे, तर कोणी जुनी घड्याळे. छंदाला कारण विचारू नये असे म्हणतात. घरच्या माणसांनी छंदिष्टाला थोडे हसावे, थोडे रागवावे आणि अखेर त्याच्या कपाटासाठी एक भिंत मोकळी करून द्यावी, अशीच आपल्याकडची रीत आहे. पण एखाद्याने उठून अफू ओढण्याची जुनी चिनी उपकरणे जमवायला घेतली, तर त्याला भिंत द्यावी की दार दाखवावे, असा प्रश्न घरच्यांना पडल्याशिवाय राहणार नाही.

असा एक संग्राहक खरोखरच निघाला आणि त्याने या छंदावर दोन पुस्तकेही लिहिली. स्टीव्हन मार्टिन हा अमेरिकन गृहस्थ. बरीच वर्षे थायलंडात राहिला, प्रवासी मार्गदर्शिका लिहून पोट भरीत असे. त्याचे पहिले पुस्तक ‘द आर्ट ऑफ ओपियम अँटिक्स’ २००७ साली निघाले आणि दुसरे, ‘ओपियम फीन्ड’, २०१२ साली. पहिल्यात संग्रह आहे, दुसऱ्यात संग्राहकाची दैना आहे. दोन्ही पुस्तके वाचण्यासारखी आहेत, यात शंका नाही. तरीही ती वाचून खाली ठेवताना मला सारखे वाटत राहिले की, नळीचे एकच टोक आपल्याला दाखवले गेले. दुसरे टोक आपल्याच घराजवळ आहे आणि त्याविषयी कोणी तरी बोलले पाहिजे. दिवाळीच्या अंकात दिव्यांविषयी लिहिण्याचा प्रघात आहेच. तेव्हा एका वेगळ्या दिव्याविषयी लिहिले तर वाचक रागावणार नाहीत, अशी आशा आहे.

प्रथम या वस्तू कशा असतात ते सांगितले पाहिजे. आपल्याकडे अफू खात किंवा पाण्यात घोटून पीत. राजस्थान-काठेवाडात कसुंबा देऊन पाहुण्याचा मान राखीत. चिन्यांनी तिला ओढायचे शास्त्र बनवले. कच्ची अफू पाण्यात उकळून, गाळून, आटवून तिचा काकवीसारखा दाट अर्क करायचा. त्याला आपल्याकडे चंडू म्हणत. हा चंडू जाळायचा नसतो, हे पहिले मर्म. तो नुसता तापवून त्याची वाफ ओढायची असते. म्हणून नळीबरोबर दिवा लागतोच. साधारण दोन फुटी बांबूची नळी. तिच्या एका टोकापासून थोड्या अंतरावर धातूचे एक खोगीर बसवलेले. त्या खोगिरात भाजलेल्या मातीची पोकळ बोंडी, आणि बोंडीच्या माथ्यावर सुई जाईल एवढेच छिद्र. ओढणारा कुशीवर आडवा होतो. सळईच्या टोकावर चंडूचा थेंब घेऊन दिव्याच्या आचेवर शिजवतो, बोंडीच्या सपाट माथ्यावर त्याला वळून गोळीचा आकार देतो, छिद्रावर बसवतो आणि बोंडी आचेवर धरून एका दमात वाफ आत घेतो. मग पुन्हा पहिल्यापासून.

एवढ्या कामासाठी चिनी कारागिरांनी जे जे घडवले ते पाहून माणूस थक्क होतो. दिव्याला काचेची घुमटी असते, ती वारा अडवते आणि आच एका जागी गोळा करते. बोंड्या कधी गोल, कधी अष्टकोनी. त्यांवर कोरलेली अक्षरे आणि फुले. नळीच्या टोकांना जेड, शिंग किंवा हस्तिदंत. खोगीर आणि तबके बहुधा पाकटाँग नावाच्या धातूची, म्हणजे तांबे, जस्त आणि निकेल यांच्या मिश्रणाची. ती चांदीसारखी दिसतात. शिवाय चंडूच्या इवल्या डब्या, बोंडीतली काजळी खरवडण्याची हत्यारे, आणि सोनाराच्या ताजव्याची आठवण करून देणारा सारंगीच्या आकाराच्या लाकडी पेटीतला छोटा काटा. हे सारे एका तबकात मांडले की पूजेचे साहित्य मांडल्यासारखे दिसते. ज्याने हे घडवले त्याच्या हातात कला होती, हे नाकारण्यात अर्थ नाही.

मग अशा वस्तू आज इतक्या दुर्मिळ का? मार्टिनच्या पहिल्या पुस्तकाचे मोल येथे कळते. चिनी तलवारी, चिनी मातीची भांडी, तपकिरीच्या बाटल्या यांवर शेकड्यांनी ग्रंथ आहेत. या वस्तूंकडे मात्र विद्वानांनी पाठ फिरवली होती. कारण त्या मुद्दाम नष्ट केल्या गेल्या. १९०६ साली चीनच्या बादशाही सरकारने अफूबंदीचे फर्मान काढले, त्यानंतर गावोगाव नळ्या आणि दिवे यांचे ढीग रचून लोकांच्या देखत होळ्या पेटवल्या गेल्या. पुढे १९४९ नंतर कम्युनिस्ट राजवटीने उरलेसुरलेही संपवले. अमेरिकेत चिनी वस्त्यांवर धाडी पडत, त्यांतही हेच घडे. लाखो वस्तूंपैकी मूठभर उरल्या, त्याही त्यांचा उपयोग काय हे ठाऊक नसलेल्या दुकानदारांच्या हाती. मार्टिनने त्या शोधल्या, एकमेकींशेजारी मांडल्या, त्यांचे प्रकार पाडले, नावे लावली. नवखा संग्राहक कोठे फसतो तेही सांगितले. सर्वांत मोठी फसगत पाणी घालून तंबाखू ओढण्याच्या चिनी हुक्क्याची. तो दिसतो ऐटबाज, पण अफूशी त्याचा काही संबंध नाही. मुंबईच्या चोरबाजारात मटन स्ट्रीटवर असा एक हुक्का मी ‘असली चायना का अफीमवाला’ म्हणून मांडलेला पाहिला आहे. त्यात वरच्या बाजूला तंबाखूची चिमूट ठेवण्याची नळकांडी स्पष्ट दिसत होती. मार्टिनचे पुस्तक वाचलेला माणूस अशा ठिकाणी नुसता हसतो आणि पुढे जातो.

येथवर सगळे ठीक. दुसऱ्या पुस्तकात मात्र वाट वळते. वस्तू जमवता जमवता तिचा उपयोग नेमका कसा होत असे, हे जाणण्याची इच्छा मार्टिनला झाली. अभ्यासकाची इच्छा म्हणून ती समजण्यासारखी आहे. वीणा जमवणाऱ्याला ती वाजवून पाहावीशी वाटणारच. पण ही वीणा निराळी होती. आपल्याच संग्रहातल्या नळीने तो अफू ओढू लागला. आधी अधूनमधून, मग रोज, आणि शेवटी दिवसाला तीस-तीस नळ्या. छंदाचे व्यसन झाले. त्यातून सुटण्यासाठी त्याला थायलंडातील थामक्राबोक या बौद्ध मठात जाऊन तेथले जालीम वनौषधी उपचार घ्यावे लागले. आपला संग्रह त्याने अमेरिकेतल्या आयडाहो विद्यापीठाला देऊन टाकला. ही कहाणी तो कोठेही स्वतःला सावरून घेऊन सांगत नाही. शरीराची तडफड, खोटे बोलण्याची सवय, मित्रांपासून तुटत जाणे, हे सर्व त्याने उघडपणे मांडले आहे. आत्मचरित्रात असा प्रामाणिकपणा विरळा. त्याबद्दल त्याला पुरेपूर मान दिला पाहिजे.

परंतु टीकाकाराचे काम मान देऊन संपत नाही. माझी तक्रार लेखकाच्या प्रामाणिकपणाविषयी नाही. त्याच्या नजरेविषयी आहे. या वस्तूंचा जाणकार नळी हातात घेतो तेव्हा प्रथम काय पाहतो? बांबूचा रंग. धुरावर धूर बसून, हातावर हात फिरून बांबू तांबूस-काळा आणि तकतकीत होतो. ही तकाकी नकली आणता येत नाही, म्हणून तिच्यावर किंमत ठरते. नळी जितकी जास्त वापरलेली, तितकी तिची तकाकी सुरेख. पण ही तकाकी म्हणजे दुसरे काय? ती कोणा एका माणसाची वर्षे आहेत. त्याने पाठ फिरवलेल्या बायकोची, विकलेल्या शेताची, न भरलेल्या दुकानाची ती वर्षे आहेत. ती बांबूत मुरली आणि आता त्यांना किंमत आली. जाणकाराची बोटे त्या तकाकीवरून फिरतात. ती कोणाची, हे विचारणे मात्र त्याला सुचत नाही. मार्टिन स्वतः व्यसनात बुडाला तेव्हाही त्याला आठवला तो जुन्या काळचा डौल, तो दिवा, ती निवांत दुपार. एकोणिसाव्या शतकातल्या अफूबाजाचे दुःख त्याने अंगावर घेतले. त्या अफूबाजाकडे अफू आली कोठून, हा प्रश्न त्याच्या पुस्तकांत कडेलाच राहिला. हिंदुस्थानचे नाव येते, पण पडद्यामागच्या आवाजासारखे. आणि अफू तर आपली होती!

हे मी एव्हरशाईन सिटीत बसून लिहितो आहे, म्हणून ते मला जास्त टोचते की काय नकळे. वसई रोड स्थानकाच्या पूर्वेची ही आमची वसाहत म्हणजे इमारतींच्या रांगा, खाली दुकाने, सकाळी गाडी गाठणाऱ्यांची धांदल. जुन्या इतिहासाची येथे कोणाला आठवण होत नाही. पण नकाशा उघडून बोट ठेवावे. दक्षिणेला मुंबई, उत्तरेला याच रेल्वेने गेले की वापी आणि वापीच्या कुशीत दमण. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात माळव्याची अफू चीनकडे जाण्याची दोन मोठी दारे या किनाऱ्यावर होती, एक मुंबई आणि दुसरे दमण. आम्ही त्या दोहोंच्या मध्ये.

चिमाजीअप्पांनी १७३९ साली वसई पोर्तुगिजांकडून घेतली, हे येथल्या शाळकरी मुलालाही पाठ असते. दमण मात्र पोर्तुगिजांकडेच राहिले, थेट १९६१ पर्यंत. म्हणूनच ते अफूच्या कामी आले. बंगाल-बिहारच्या अफूवर ईस्ट इंडिया कंपनीची मक्तेदारी होती. माळव्यात मात्र होळकर-शिंद्यांसारख्या संस्थानिकांचा मुलूख. तेथे शेतकरी खसखशीची बोंडे चिरून अफू काढी, सावकार ती विकत घेई आणि बैलांवर-उंटांवर लादून किनाऱ्याकडे धाडी. कंपनीने मुंबईची वाट अडवली की माल वळसा घालून दमणला जाई आणि तेथून जहाजाने मकावला. शेवटी कंपनीला अक्कल आली. अडवून भागत नाही, तर पैसे घेऊन सोडावे. १८३० च्या सुमारास तिने माळव्याच्या मालाला परवाने द्यायला सुरुवात केली. प्रथम पेटीमागे १७५ रुपये जकात होती. माल तरीही दमणला जातो असे पाहून १८३५ साली ती १२५ वर आणली. मग १८४३ साली इंग्रजांनी सिंध जिंकला, कराचीची चोरवाट बंद झाली, आणि जकात भराभर चढत गेली. १८४७ साली ती पेटीमागे ४०० रुपयांवर पोचली. ज्याला इतिहास कंटाळवाणा वाटतो त्याने एवढे चार आकडे वाचावेत. त्यांत एका साम्राज्याचा सगळा स्वभाव आहे.

या व्यापारातून मुंबई वाढली. जमशेटजी जिजीभाई यांचे चरित्र प्रसिद्धच आहे. १८०५ साली चीनच्या सफरीत फ्रेंचांनी त्यांचे जहाज पकडले, त्याच जहाजावर विल्यम जार्डिन नावाचा डॉक्टर होता. पुढे त्याच जार्डिनच्या कंपनीशी जमशेटजींचा अफूचा आणि कापसाचा प्रचंड व्यापार चालला. त्यांचे भागीदार मोतीचंद अमीचंद जैन, महंमद अली रोगे कोकणी मुसलमान. आणि दमणच्या वाटेने माल नेणारे रॉजर द फारिया गोव्याचे ख्रिस्ती. धर्मभेद विसरून एकत्र आलेली माणसे आपल्या इतिहासात थोडी नाहीत. अफूच्या पेटीभोवती ती किती सहज एकत्र आली हे पाहून मात्र हसावे की रडावे कळत नाही. १८३९ साली चिनी अधिकारी लिन झेशू याने कँटनला परदेशी व्यापाऱ्यांच्या २०,२८३ पेट्या जप्त केल्या आणि चुना-मिठाच्या पाण्यात कालवून समुद्रात सोडल्या, त्यांत मुंबईच्या व्यापाऱ्यांचाही मोठा वाटा होता. त्याचा परिणाम म्हणून युद्ध झाले आणि चीन हरला. १८४२ साली जमशेटजी ‘सर’ झाले, तो मान मिळालेले पहिले हिंदी गृहस्थ. १८४५ साली त्यांचे रुग्णालय उघडले. त्याच साली त्यांच्या पत्नी अवाबाई यांच्या देणगीतून बांधलेला माहीमचा पूल खुला झाला. १८५७ साली कलाशाळा सुरू झाली.

येथे वाचकांपैकी कोणी तरी मला थांबवील. ‘म्हणजे जे. जे. रुग्णालयाला तुम्ही नावे ठेवता काय? किती गरिबांचे प्राण तेथे वाचले!’ तसे मुळीच नाही. त्या रुग्णालयाने वाचवलेले प्राण खरे आहेत. दानही खरे आहे. तेव्हा त्या व्यापारात कायद्याच्या दृष्टीने मुंबईत काही गैर नव्हते, हेही खरे आहे. पण कँटनच्या गल्लीत आडवा झालेला तो माणूसही तितकाच खरा आहे. एका तागडीत एक आणि दुसऱ्या तागडीत दुसरे घालून हिशेब मिटवण्याचा अधिकार आपल्याला नाही. दोन्ही एकदम डोळ्यांसमोर ठेवणे एवढेच आपल्या हाती आहे, आणि तेच आपण टाळत आलो. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

अलीकडे काही लेखकांनी या अंधारात हात घातला आहे, त्यांची नोंद केली पाहिजे. अमर फारुकी यांच्या ‘स्मगलिंग ॲज सबव्हर्शन’ (१९९८) आणि ‘ओपियम सिटी’ (२००६) या ग्रंथांनी माळवा, दमण आणि मुंबई यांचा हा धागा कागदपत्रांनिशी उलगडला. अमिताव घोष यांनी आपल्या तीन कादंबऱ्यांत अफूची शेतकरीणही आणली आणि मुंबईचा पारशी व्यापारीही आणला. ‘रिव्हर ऑफ स्मोक’ (२०११) मधला बहराम मोदी हा दुष्ट माणूस नाही, प्रेमळ आहे, उदार आहे. म्हणूनच तो वाचकाला अस्वस्थ करतो. आणि जीत थायिल यांच्या ‘नार्कोपोलिस’ (२०१२) मध्ये तर माझ्या विषयाला अगदी भिडणारी एक गोष्ट आहे. मुंबईच्या शुक्लाजी स्ट्रीटवरच्या अड्ड्यात चांगली जुनी चिनी नळी येते, ती चीनमधून पळून आलेल्या ली नावाच्या माणसाकडून. अफू मुंबईहून चीनला गेली. शंभर-सव्वाशे वर्षांनी नळी चीनहून मुंबईला परत आली. कादंबरीकाराने हे वर्तुळ पुरे केले. संग्राहकाला जे सुचले नाही ते कथाकाराला सुचले.

मात्र या सर्व पुस्तकांत ज्या आवाजाला मी सर्वांत वर जागा देईन, तो आवाज फार जुना आहे आणि एका मराठी बाईचा आहे. सुंदराबाई पवार या पंडिता रमाबाईंच्या सहकारी. त्या इंग्लंडला गेल्या आणि अफूच्या व्यापाराविरुद्ध सभांतून बोलल्या. १८९२ साली लंडनमध्ये त्यांची एक इंग्रजी पुस्तिका छापली गेली. ब्रिटिश सरकारच्या अफूच्या गुन्ह्यावर एका हिंदी स्त्रीने ठेवलेला आरोप, अशा अर्थाचे तिचे नाव आहे. ‘गुन्हा’ हा शब्द त्यांनी राणीच्या राज्यात, राणीच्याच राजधानीत वापरला. ज्या काळी आपल्याकडे बाईने शाळेत जावे की न जावे यावर खल चालला होता, त्या काळी ही बाई साम्राज्याच्या तिजोरीवर बोट ठेवून उभी होती. आमच्या शाळांच्या पुस्तकांत त्यांचे नाव मी वाचलेले नाही.

बाईच्या नजरेला अफू निराळी दिसते, याचे आणखी एक कारण आपल्या मुंबईतच आहे. गिरणीत पाळीवर जाणाऱ्या आया तान्ह्या मुलाला अफूची गोळी चाटवून निजवीत. तिला बाळागोळी म्हणत. १९३१ च्या रॉयल कमिशनच्या अहवालापर्यंत या चालीची दखल सरकारदरबारी घ्यावी लागली. त्या आईला कोणी अफूबाज म्हणणार आहे काय? तिला दहा-दहा तास यंत्रापुढे उभे राहायचे होते, आणि घरी मुलाला बघायला कोणी नव्हते. तिच्याजवळ जेडची नळी नव्हती, पाकटाँगचे तबक नव्हते. तिची अफूची उपकरणे म्हणजे एक पुडी आणि तिचे बोट. ती उपकरणे कोणत्याही संग्रहात नाहीत, आणि असणारही नाहीत. चंडू ओढण्यावर मुंबई इलाख्यात १९३६ साली कायदा झाला. त्या आईच्या पाळीवर कोणता कायदा लागू होता, हे निराळे सांगायला नको.

आमच्या वसाहतीत परळ-लालबागहून आलेली घरे पुष्कळ आहेत. चाळीतली खोली विकली किंवा इमारत पाडली गेली, आणि मंडळी गाडीच्या रुळांबरोबर उत्तरेला सरकत आली. त्यांच्यापैकी कोणाच्या पणजीने बाळागोळी चाटवली असेल, कोणाच्या पूर्वजाने माळव्याहून आलेल्या पेट्या मुंबईच्या गोदीत उचलल्या असतील. हे लाजेचे नाही. पण विसरण्याचेही नाही.

वस्तू जमवण्याची याहून वेगळी रीत असू शकते काय? असू शकते, आणि तिचा नमुना आपल्या पुण्यातच आहे. दिनकर गंगाधर केळकर, कवी अज्ञातवासी, यांनी पत्नी कमलाबाईंच्या साथीने उभ्या देशात हिंडून दिवे, अडकित्ते, पानाचे डबे, हुक्के, वज्री, कंगवे, दौती गोळा केल्या. वीस हजारांवर वस्तू झाल्या. बालवयात गेलेल्या आपल्या राजाचे नाव त्यांनी त्या संग्रहालयाला दिले आणि १९७५ साली ते महाराष्ट्र सरकारच्या स्वाधीन केले. अडकित्त्याच्या मुठीवरही तकाकी असते. तीही हातांनीच आलेली असते. मग अडकित्ता आणि अफूची नळी यांत फरक कोणता? जातीचा फरक आहेच, सुपारी आणि अफू सारखी नव्हे. पण माझ्या मते खरा फरक पाहणाऱ्यात पडतो. केळकर संग्रहालयातला दिवा पाहताना आपल्याला तो लावणारी बाई दिसते, अडकित्ता पाहताना पान जमवणारे आजोबा दिसतात. वस्तूच्या मागे घर उभे राहते. मुलाच्या वियोगातून उभा राहिलेला संग्रह माणसाला विसरू शकत नाही. अफूच्या उपकरणांच्या संग्रहात माणूस मात्र नेमका पुसला जातो आणि कारागिरी तेवढी उरते.

त्या होळ्या झाल्या तशा आताही या नळ्या जाळाव्यात, असे माझे म्हणणे नाही. जाळून पाप जात नाही, पुरावा तेवढा जातो. मार्टिनने त्या वाचवल्या हे त्याचे पुण्य. मला हवे आहे ते एवढेच की, मुंबईतल्या एखाद्या संग्रहालयात एक काचेचे कपाट असावे. त्यात एक चिनी नळी, दिवा आणि बोंडी असावी. तिच्या शेजारी माळव्याच्या अफूच्या पेटीचा परवाना असावा, जकातीचा आकडा दिसेल असा. त्याच्या शेजारी जमशेटजींच्या रुग्णालयाचे जुने चित्र, सुंदराबाईंची पुस्तिका, आणि एक रिकामी पुडी. खाली चार ओळींत इतकेच लिहावे की हे सर्व एकाच व्यवहाराचे भाग आहेत. पाहणाऱ्याला उपदेश करण्याची गरज नाही. नळीची दोन्ही टोके दिसली की तो आपला आपण गप्प होईल.

आणि जे मोठ्या संग्रहालयाला सांगायचे, ते घरातल्या लहान कपाटालाही लागू आहे. दिवाळीची साफसफाई चालू असेल. माळ्यावरून एखादा पितळेचा डबा, काटा, खल, दौत खाली येईल आणि मोडीच्या भावाने जायला निघेल. शंभर वर्षांवरची वस्तू असेल तर १९७२ चा पुरातन वस्तूंचा कायदा तिच्याबद्दल काय म्हणतो ते पाहावे. हस्तिदंत असेल तर त्याचा व्यापार आपल्याकडे गुन्हा आहे, हेही ध्यानात ठेवावे. पण त्याआधी घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला विचारावे की, ही कोणाची, हिचे काय करीत, आणि ही घरात आली कशी. उत्तर गोड असेलच असे नाही. जे मिळेल ते एका चिठ्ठीवर लिहावे आणि चिठ्ठी वस्तूच्या पोटात ठेवावी. वस्तू विकली तरी चालेल, चिठ्ठी तिच्याबरोबर जाऊ द्यावी.